वहीतला रकाना, मोबाइलमधला रकाना
आपली माहिती अ‍ॅपमध्ये कशी बसते, आणि ती आपण स्वतः का वाचायला हवी



आपल्या गटांचा हिशोब आता दोन ठिकाणी असतो. एक आपल्या वहीत, दुसरा मोबाइलमध्ये. उमेद अभियानात लोकओएस हे अ‍ॅप आलं, तेव्हापासून गटाची, सदस्यांची आणि व्यवहारांची माहिती त्यात भरली जाते. त्याशिवाय शेताची ई-पीक पाहणी मोबाइलवर, लाडकी बहीणचा अर्ज भरला तोही मोबाइलवर, सातबारा मोबाइलवर. फोन घरोघरी आला आहे. पण बैठकीत "ताई, अ‍ॅपमध्ये तुमचं कर्ज किती दिसतंय?" असं विचारलं की बहुतेक जणी म्हणतात, "ते सीआरपी ताईंना माहीत."

वहीच्या बाबतीत आपण असं कधी म्हणत नाही. वही गटाची, सही आपली, चूक दिसली तर आपण तिथेच बोलतो. मोबाइलचा हिशोबही तितकाच आपला आहे. तो वाचायला इंग्रजी यावंच लागतं असं नाही, कॉम्प्युटरचा कोर्सही लागत नाही. पडद्यामागे माहिती कशी मांडलेली असते एवढं कळलं की पुष्कळ काम सोपं होतं. या लेखात तेच बघू.

सगळ्याच्या मुळाशी एक तक्ता असतो

आपली बचत नोंदवही उघडा. वरच्या ओळीत लिहिलंय: अ.क्र., नाव, मागील बचत, या महिन्याची बचत, एकूण बचत, सही. खाली प्रत्येक ताईची एक ओळ. उभे रकाने आणि आडव्या ओळी. एका रकान्यात एकाच प्रकारची माहिती, एका ओळीत एकाच ताईची माहिती.

अ‍ॅपच्या आत हेच असतं. पडद्यावर आपल्याला एकेक प्रश्न दिसतो: नाव काय, जन्मतारीख काय, खाते क्रमांक काय. आपण उत्तर भरून पुढे जातो. पण आत प्रत्येक प्रश्न म्हणजे एक रकाना आणि आपण भरलेला पूर्ण फॉर्म म्हणजे एक ओळ. फॉर्म भरणं म्हणजे तक्त्यात एक ओळ वाढवणं.

फरक एवढाच की वही समजूतदार वाचकासाठी लिहिलेली असते. वहीत "वरीलप्रमाणे" लिहिलं, किंवा रकमेशेजारी "१०० कमी, पुढच्या वेळी देणार" असं लिहिलं तरी आपल्याला कळतं. मोबाइलला कळत नाही. त्याला रकमेच्या रकान्यात फक्त रक्कम हवी. "५०० रु." किंवा "५००/-" असं टाकलं तर ती त्याच्यासाठी रक्कम राहत नाही, तो एक शब्द होतो, आणि शब्दांची बेरीज होत नाही.

एक बाई, एक क्रमांक

आपल्या भागात एका गावात एकाच आडनावाची निम्मी घरं असतात. एका गटात एकाच नावाच्या दोघी असणंही नवीन नाही. वहीत आपण "खालच्या आळीची" आणि "वरच्या आळीची" असं करून भागवतो. शिवाय एकाच बाईचं नाव चार कागदांवर चार तऱ्हेने असतं. एका ठिकाणी सुनीता, दुसरीकडे सुनिता, पासबुकावर सुनीताबाई. आधारवर सासरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. आपल्यासाठी ती एकच बाई. मोबाइलसाठी त्या चार बायका.

म्हणून अ‍ॅप नावावर विसंबत नाही, प्रत्येक सदस्याला क्रमांक देतं. नाव बदलेल, क्रमांक बदलत नाही. बचत, कर्ज, परतफेड सगळं त्या क्रमांकाला चिकटलेलं असतं. हप्ता भरताना यादीतून चुकून दुसऱ्या सुनीताचं नाव निवडलं गेलं, तर पैसे एकीने भरले आणि खात्यात जमा झाले दुसरीच्या. गटाची एकूण रक्कम बरोबर येते, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून आपला सदस्य क्रमांक पाठ असू द्या.

नावाऐवजी क्रमांक ही कल्पना काही मोबाइलने आणलेली नाही. पत्त्यावरचा पिनकोड हेच काम करतो. देशात एकाच नावाची कितीतरी गावं, पत्ते लिहिलेले वेगवेगळ्या भाषांत, त्यामुळे पत्रं भलतीकडे जायची. टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने त्यावर सहा आकड्यांचा तोडगा काढला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. वेलणकर संस्कृतचे मोठे अभ्यासक होते. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाचा जिल्हा आणि शेवटचे तीन नेमकं पोस्ट ऑफिस.

आपल्या गणेशपुरीचा पिनकोड ४०१२०६. तालुका भिवंडी, म्हणून कितीतरी जणी फॉर्मवर भिवंडी शहराचा ४२१३०२ लिहितात. टपालाची वाट वेगळी आणि तालुक्याची हद्द वेगळी. दोन्ही एकच असतात असं धरून चालू नका.

रकान्याचे नियम

वहीच्या रकान्यात काहीही लिहिता येतं. अ‍ॅपच्या रकान्याला नियम असतो, आणि नियम मोडला की तो लाल होतो किंवा पुढे जाऊच देत नाही. आपल्याला वाटतं फोन बिघडला. खरं तर तो आपल्याला थांबवून विचारतोय. नेहमी लागणारे नियम असे:

आधार क्रमांक: १२ आकडे. शेवटचा आकडा आधीच्या ११ आकड्यांवरून गणित करून काढलेला असतो. त्यामुळे एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, तर गणित जुळत नाही आणि चूक पकडली जाते. अ‍ॅप आधार घेत नसेल तर आधी कार्ड समोर ठेवून आकडे परत वाचा.

आयएफएससी कोड: ११ अक्षरं-आकडे. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटची सहा शाखेची. मधलं पाचवं ठिकाण नेहमी शून्य. इथे आपण हमखास इंग्रजी 'ओ' टाकतो. दिसायला सारखं, पण चालत नाही. आणखी एक गोष्ट: जुन्या पासबुकावरचा कोड तपासून घ्या. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाली. १ एप्रिल २०२० ला आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. ज्यांचं खातं अशा बँकेत होतं त्यांचा कोड बदललेला आहे. पासबुक नवीन करून घ्या.

तारीख: आपण आधी दिवस, मग महिना, मग वर्ष लिहितो. काही अ‍ॅप आणि शीट आधी महिना धरतात. मग ५ जूनची बैठक ६ मे ला झाली असं दिसतं. जिथे कॅलेंडर उघडतं तिथे हाताने न लिहिता कॅलेंडरमधूनच निवडा.

रक्कम: फक्त आकडे, आणि शक्यतो इंग्रजी आकडे. मराठी कीबोर्डवरून आकडे टाकले तर काही ठिकाणी ते शब्द म्हणून बसतात आणि बेरीज होत नाही.

पण एक लक्षात ठेवा. नियम फक्त आकडा नीट लिहिलाय का एवढंच बघतो. तो खरा आहे का हे त्याला कळत नाही. ५०० च्या जागी ५,००० पडले तर अ‍ॅप हूं की चूं करणार नाही, कारण दोन्ही रकमाच आहेत. ते बघणारी माणसं म्हणजे बैठकीला बसलेल्या आपणच.

एकातून एक उघडणाऱ्या याद्या

बऱ्याच फॉर्मवर गावाचं नाव लिहू देत नाहीत, निवडायला लावतात. आधी जिल्हा, मग तालुका, मग ग्रामपंचायत, मग गाव. वरचं निवडल्याशिवाय खालची यादी उघडत नाही, आणि वरचं चुकलं तर खाली आपलं गाव सापडतच नाही. हे मुद्दाम केलेलं असतं. प्रत्येकीने आपापल्या परीने गावाचं नाव लिहिलं असतं तर एका गावाची दहा गावं झाली असती.

आपल्याकडे यात एक खास अडचण येते. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. भिवंडी तालुका ठाण्यातच राहिला, पण शेजारचे वाडा आणि वसई पालघरमध्ये गेले. आपल्या कितीतरी सुना वाड्याकडच्या. त्यांच्या जुन्या दाखल्यांवर "ता. वाडा, जि. ठाणे" असं आहे. आज फॉर्मवर जिल्हा ठाणे निवडला की तालुक्याच्या यादीत वाडा दिसतच नाही. दाखला खोटा नाही आणि अ‍ॅपही चुकीचं नाही, मधल्या काळात जिल्हा बदलला. माहेरचा पत्ता भरताना जिल्हा पालघर निवडायचा. आणि यादीत गाव दिसलं नाही म्हणून जवळचं दुसरं गाव निवडून मोकळं व्हायचं नाही. एकदा वरची निवड तपासा, मग विचारा.

तक्ते एकमेकांना जोडलेले असतात

हा भाग सावकाश वाचा, कारण आपल्या पैशाशी याचाच संबंध आहे.

वहीतही आपल्याकडे वेगवेगळी पुस्तकं असतात: बचत नोंदवही, कर्ज खतावणी, रोकड वही. ती एकमेकांशी जुळवायचं काम आपण हाताने करतो. अ‍ॅपमध्ये सदस्यांचा एक तक्ता, कर्जांचा दुसरा, परतफेडीचा तिसरा, आणि ते सदस्य क्रमांकाने आणि कर्ज क्रमांकाने जोडलेले असतात. "शिल्लक कर्ज" हा आकडा कोणी भरत नाही. जोडलेल्या तक्त्यांवरून अ‍ॅप तो काढून दाखवतं. म्हणून शिल्लक चुकली तर शिल्लकीत दुरुस्ती करायची नसते, मागे कुठली नोंद चुकली ते शोधायचं असतं.

एक उदाहरण घेऊ. एका ताईने गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलं, व्याज दरमहा शेकडा १. पहिल्या महिन्यात तिने १,१०० रुपये भरले: मुद्दल १,००० आणि व्याज १००. आता बघा, एकाच १,१०० ची नोंद तीन तऱ्हेने होऊ शकते.

बरोबर नोंद: मुद्दल १,०००, व्याज १००. शिल्लक ९,०००. पुढच्या महिन्याचं व्याज ९०.

सगळे मुद्दलात टाकले: शिल्लक ८,९००, पुढचं व्याज ८९. ताईचा थोडा फायदा दिसतो, पण गटाचं व्याजाचं उत्पन्न शून्य दिसतं आणि ताईचं व्याज थकल्यासारखं दिसतं.

सगळे व्याजात टाकले: शिल्लक १०,००० तशीच, पुढचं व्याज पुन्हा १००. मुद्दलाचा हप्ता भरलेलाच नाही, म्हणून ताई थकबाकीदार.

तिन्ही वेळा पेटीत आलेले पैसे १,१०० च. रोकड जुळते! म्हणून बैठकीत सगळं बरोबर वाटतं. दहा महिन्यांनी ताई म्हणते माझं कर्ज फिटलं, आणि मोबाइल म्हणतो अजून १,००० बाकी. मग भांडण होतं, आणि बहुतेक वेळा जिला वाचता येत नाही तीच गप्प बसते.

नुकसान तिच्या एकटीचं होत नाही. बँक गटाला कर्ज देताना परतफेड नियमित आहे का ते बघते. आपण दशसूत्रीतली नियमित परतफेड मनापासून पाळायची आणि चुकीच्या रकान्यामुळे कागदावर गट थकलेला दिसायचा, हे कोणालाच परवडणारं नाही. म्हणून फक्त एकूण रक्कम जुळली यावर समाधान मानू नका. मुद्दल किती आणि व्याज किती, हे वेगवेगळं वाचून घ्या.

भरलं म्हणजे पोहोचलं असं नाही

फोनवर भरलेली माहिती आधी फोनमध्येच असते. रेंज आली की ती पुढे मोठ्या कॉम्प्युटरवर जाते, त्याला सिंक होणं म्हणतात. पाड्यावर रेंज नसेल तर नोंद फोनमध्येच अडकून राहते. तो फोन बिघडला, हरवला किंवा अ‍ॅप काढून टाकलं तर नोंद जाऊ शकते.

'सेव्ह' आणि 'सबमिट' यातही फरक असतो. सेव्ह म्हणजे कच्ची नोंद, सबमिट म्हणजे पक्की. वेगवेगळ्या अ‍ॅपमध्ये शब्द वेगळे असतील, पण दोन पायऱ्या असतात. पक्क्या नोंदीत दुरुस्ती करायला बऱ्याचदा वरच्याची परवानगी लागते. म्हणून सबमिट करण्याआधी वाचून दाखवायला सांगा, आणि नंतर ती पुढे गेली का ते विचारा. ई-पीक पाहणीतही हेच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकरी स्वतः आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर करतो. भाताचा फोटो काढला आणि बांधावर रेंज नव्हती, तर घरी येऊन नोंद पुढे गेल्याची खात्री करावी लागते.

घरी करून बघा

वाचून अर्धं कळतं, बाकीचं हाताने केल्यावर कळतं. फोनवर गुगल शीट फुकट मिळतं. घरातल्या दहावी-बारावीच्या मुलीला सोबत घ्या, पण फोन आपल्या हातात ठेवा. एक नवीन शीट उघडून पहिल्या ओळीत चार नावं लिहा आणि खाली गेल्या बैठकीचे व्यवहार भरा. असं दिसलं पाहिजे:

दिनांक | सदस्य क्र. | व्यवहार | रक्कम
०५/०६/२०२५ | १ | बचत | १००
०५/०६/२०२५ | २ | बचत | १००
०५/०६/२०२५ | २ | मुद्दल | १०००
०५/०६/२०२५ | २ | व्याज | १००
०५/०६/२०२५ | ३ | बचत | १००

(इथे छापताना मराठी आकडे आहेत, फोनवर इंग्रजी आकडे टाका.)

बघा, दोन नंबरच्या ताईच्या तीन ओळी झाल्या. वहीत आपण तिची एकच ओळ करून सगळं शेजारी लिहिलं असतं. इथे नियम वेगळा: एक व्यवहार, एक ओळ. कंटाळवाणं वाटेल, पण याचा फायदा लगेच दिसतो.

१. रकमेचे सगळे आकडे बोटाने निवडा. खाली बेरीज आपोआप दिसते. आपल्या या तक्त्यात ती १,४०० आली पाहिजे. कमी आली तर कुठेतरी आकड्याऐवजी शब्द बसलाय.
२. फिल्टर लावा आणि सदस्य क्र. २ निवडा. फक्त तिच्या तीन ओळी राहतील. हेच तिचं पासबुक झालं.
३. फिल्टर बदला आणि व्यवहारात 'बचत' निवडा. आता गटाची बचत नोंदवही समोर आली.
४. एका ओळीत मुद्दाम 'बचत' ऐवजी 'बचत जमा' लिहा आणि पुन्हा फिल्टर लावा. ती ओळ गायब होईल. एकच गोष्ट प्रत्येक वेळी एकाच शब्दात का लिहायची, ते इथे कळतं.

तक्ता एकच, आणि आपण विचारू तसं तो उत्तर देतो. मोठ्या अ‍ॅपमध्येही बटण दाबल्यावर आत हेच चालतं: निवडणं, गाळणं, बेरीज करणं. गटाच्या हिशोबाखेरीज याचे उपयोग पुष्कळ आहेत. देवळाबाहेर हार-प्रसादाचं दुकान लावणारी ताई कुठल्या वारी किती विक्री झाली ते बघू शकते. भाजी करणारी ताई बियाणं, खत, मजुरी आणि विक्री वेगळी करून पीक परवडलं का ते काढू शकते.

माहिती आपली, हक्कही आपला

आपलं नाव, आधार, खातं, कर्ज ही आपली माहिती आहे. ती कोण भरतंय, कशासाठी भरतंय हे विचारायला लाजू नका. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा केला. आपली चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात मानलेला आहे. गटाच्या पातळीवर हे साधंच आहे: सीआरपी ताईंना सांगा, ठरावात लिहा, आणि पुढच्या बैठकीत दुरुस्ती झाली का बघा. सीआरपी ताईंवर खूप गटांचा भार असतो, त्यांच्यावर संशय घ्यायचा नाही. चार डोळ्यांनी बघितलं तर त्यांचंही काम सोपं होतं.

जपायचं ते जपा. ओटीपी म्हणजे आपल्या पेटीची किल्ली. फोनवरून कोणी बँकेचा माणूस म्हणून मागितला तरी द्यायचा नाही. समोर बसून फॉर्म भरताना ओटीपी आला तर तो कशाचा आहे ते आधी संदेशात वाचा किंवा वाचून घ्या. आधार आणि पासबुकाचे फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका.

दर बैठकीत दहा मिनिटं

नियमित हिशोब लेखनात आता एवढी भर घाला:

• नोंदी भरून झाल्या की मोबाइलवरचे आकडे मोठ्याने वाचायचे. प्रत्येकीची बचत, मुद्दल, व्याज आणि शिल्लक.
• एकीने त्याच वेळी वहीत बोट ठेवून जुळवायचं. हे काम दर महिन्याला वेगळ्या ताईने करायचं.
• वही आणि मोबाइल जुळलं नाही तर त्याच दिवशी इतिवृत्तात लिहायचं: कोणाचं, कुठल्या रकान्यात, किती फरक.
• मागच्या बैठकीच्या नोंदी पुढे गेल्या का ते विचारायचं.
• वर्षातून एकदा प्रत्येकीने आपलं नाव, जन्मतारीख, खातं आणि वारसाचं नाव अ‍ॅपमध्ये पडताळून घ्यायचं.

वही बंद करू नका. मोबाइल आल्यावर वही कशाला, असं काही जणी विचारतात. मोबाइल चुकला हे कळायला दुसरीकडे बरोबर लिहिलेलं असावं लागतं. ते वहीत आहे, आपल्या सह्यांसकट.

येत्या बैठकीत आपला सदस्य क्रमांक आणि मोबाइलवरची आपली शिल्लक विचारून पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जुळली नाही तर ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या, मी वही घेऊन बसायला येईन.

— तुमची क्षेत्र समन्वयक